तुमचं दुसरं पिंप

अहो, तुमच्यामागे घरात पहिलं भांडण झालं ते पिंपांवरून. दुसरं कशावरून होणार होतं? आपल्याकडे वाटायला जमीन नाही की दागिने नाहीत. एक गलबत आणि त्यावरची दोन पिंपं. एक प्यायच्या पाण्याचं आणि दुसरं... दुसरं कशाचं ते मी इतकी वर्षं तोंडाने उच्चारलं नाही. 'ते तुमचं' एवढंच म्हणायचे आणि तुम्ही गालातल्या गालात हसायचात. आज लिहितेच. संडासाचं.

या खाडीत इतकी गलबतं उभी राहतात, पण असलं पिंप फक्त आपल्यावर. बाकी सगळ्यांचं काम सुकाणूच्या मागे बाहेर काढलेल्या फळीवर चालतं. खाली पाणी आणि वर आभाळ, बघणाऱ्यानं मान फिरवायची. तुम्ही मात्र मागच्या बाजूला पिंप बसवलंत, त्यावर भोकाची फळी टाकलीत, भोवती गोणपाटाचा आडोसा केलात आणि शेजारी चुन्याचा डबा ठेवलात. बंदरात किंवा खाडीत नांगर टाकला की जायचं ते पिंपावर, आणि पिंप रिकामं करायचं ते विजयदुर्गाचा किल्ला मागे पडून खोल दर्या लागल्यावर. हा तुमचा कायदा. खलाशांनी तो पाळला, कारण तुम्ही गलबताचे तांडेल होतात आणि तुमच्या आवाजाला ते भ्यायचे. आवाज गेला, तेव्हा कायद्याचं काय होणार हा प्रश्न आलाच.

लोकांनी विचारलं की तुम्ही जहाजाची गोष्ट सांगायचात. लग्नाआधी मोठ्या आगबोटीवर खलाशी होतात, तिथं परक्या बंदरात शिरताना साहेब येऊन संडासांना कुलपं घालायचा. "जेच्या घरात जातलंव तेची खाडी घाण करूची नाय," असं तो म्हणायचा म्हणे. साहेब मालवणी कधी शिकला ते देवाला ठाऊक. मग तुम्ही खाडीच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बायकांकडे बोट दाखवायचात. "ह्यो तिसऱ्यो तुमी रांधून खातास. त्यो काय खावन वाढतत, ता कधी इचारलास?" तेवढं ऐकून समोरच्याची जेवणावरची वासना उडायची आणि तुमचं काम व्हायचं.

गोष्ट खरी असेल. पण पिंप त्या गोष्टीमुळे आलं नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्हीही कधी बोलला नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. आता तुम्ही मध्येच तोडून विषय बदलू शकत नाही, तेव्हा सांगून टाकते.

नवी नवरी होते मी. खारेपाटणची पोर, नदी पाहिलेली पण दर्या नाही. तुम्ही मला गलबतातून मुंबई दाखवायला नेलंत. वाटेत वारा पडला आणि आपण एका बंदरात अडकलो. आजूबाजूला गलबतंच गलबतं, या काठावरून त्या काठावर गप्पा चाललेल्या, आणि मी एकटी बाई. ती मागची फळी मी एकदा पाहिली आणि ठरवलं की आता पाणी प्यायचं नाही. तुम्ही पेज आणून दिलीत, मी म्हटलं भूक नाही. शहाळं सोललंत, म्हटलं गोड आवडत नाही. वर सूर्य भाजून काढतोय आणि माझी जीभ आत कोरडी पडलेली. दुसऱ्या दिवशी ओठ फुटले. तुम्ही पाहिलंत. दिवस कलल्यावर छोटी होडी खाली सोडलीत आणि खलाशांना मोठ्याने सांगितलंत, "आमी वाळू घेवन येतंव, चुलीखाली टाकूक." मला होडीत बसवून किनाऱ्याला नेलंत, केवड्याच्या बनाकडे बोट दाखवलंत आणि पाठ करून वाळू भरत बसलात. परतल्यावर मी तांब्याभर पाणी प्यायले. वाळूची पाटी तुम्ही खरोखरच चुलीखाली ओतलीत. पांडू खलाशी तेव्हा तरणा होता. त्यानेही मान वर केली नाही.

पुढल्या हंगामात दोन पिंपं आली. गोवा मोकळा व्हायच्या आधीची गोष्ट. तिकडच्या दारूची जुनी पिंपं, दोन्ही एका मापाची, एकाच हाताने बांधलेली. तुम्ही मला बोलावून म्हणालात, "एक पाण्याचां. दुसरां साहेबाचां." मी नाक मुरडून आत गेले. आत जाऊन रडले, ते तुम्हाला कळलं नाही. बरं वाटून रडले हो. एवढ्या मोठ्या अंगाच्या, सगळ्या खाडीवर ओरडणाऱ्या माणसाला माझी तहान दिसली होती.

मग तुम्ही म्हणाल, सारा जन्म भांडलीस कशाला? भांडले, कारण तुम्ही ते पिंप पुढच्या अंगणात ठेवायचात. पावसाळ्यात गलबत वर ओढून झावळ्यांखाली झाकलं की दोन्ही पिंपं घरी यायची. कोरडी पडली तर फळ्या आखडतात, म्हणून पागोळ्यांखाली उभी करून पावसाच्या पाण्याने भरून ठेवायची. श्रावणात पाणी ओतून टाकायचं, घासायची आणि ऊन दाखवायचं. पाण्याचं पिंप माझ्याकडे होतं. नारळाच्या सोडणाने आतून घासायचं, आपल्या गोड्या विहिरीचं पाणी भरायचं, दोनदा भरून फेकायचं, तिसऱ्यांदा चाखायचं. दुसरं तुमच्याकडे. त्याला तुम्ही कुणाला हात लावू दिला नाहीत, खलाशांनाही नाही. चुना, राख, खरारा, घाम. आणि मी म्हणायचे, "परसात न्या की ते." तुम्ही म्हणायचात, "परसात ऊन नाय गो." परसात ऊन असतं. दुपारनंतर असतं. तो वाद मी अजून सोडलेला नाही.

लोकांची थट्टा मला सोसावी लागायची, तुम्हाला नाही. जयराम तांडेलाची बायको सुंदरा बाजारात सगळ्यांदेखत विचारायची, "काय गो, तुज्या घोवान मुंबयसून काय हाडल्यान? पिंप भरलेलां हाडल्यान काय रिकामां?" की सगळ्या बायका पाट्या खाली ठेवून हसायच्या. मी घरी येऊन तुमच्यावर राग काढायचे. तुम्ही जेवत राहायचात.

एकदाच मजा आली. माझे बाबा खारेपाटणच्या धक्क्यावर आपलं गलबत बघायला चढले होते. पिंप बघून म्हणाले, "जावईबापू, तुमच्याकडे समुद्र कमी पडला का?" पांडू तोंड दाबून हसला. बाबांनी वर आमच्याकडचं माशांचं मसालेदार तिखलं चापून खाल्लं आणि घटकाभरात त्यांचा चेहरा बदलला. धक्क्यावर बाजाराची गर्दी, ओळखीचे व्यापारी, बाबांचं शुभ्र धोतर. तुम्ही गोणपाट बाजूला केलंत. बाबा बाहेर आले ते वेगळेच. उतरताना मला हळूच म्हणाले, "माणूस शहाणा आहे हो. पण हे तुझ्या आईला सांगू नकोस." मी त्याच दिवशी सांगितलं.

आणि मग यंदाचा आषाढ. तुम्ही ओटीवर खाटेवर, छातीत घरघर, बाहेर पागोळ्या पिंपांत पडतायत. तुम्ही तो आवाज ऐकत होतात. मला म्हणालात, "दुसऱ्या पिंपाचा काय करतलंस?" मी काढ्याची वाटी पुढे केली आणि म्हटलं, "बघूया." तुम्ही हसलात, हसताना खोकला आला. "तुजा बघूया माका ठावक आसा," म्हणालात. पुढे बोलणं वाढलं असतं, पण ठसका थांबेना आणि मी पाठ चोळत बसले. नंतर तुम्ही बोलण्याच्या स्थितीत राहिला नाहीत. 'ठेवीन' असा एक शब्द बोलायला काय जात होतं, असं मनात येतं. पण तुम्हाला सरळ होकार मी उभ्या जन्मात दिला नव्हता. तेव्हा दिला असता तर तुम्ही ओळखलं असतंत की आता काही खरं नाही. म्हणून नाही दिला. जे केलं ते बरोबर केलं.

आता तो घोळ ऐका. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा शंभूभावोजींना वाटलं, आपणही काहीतरी करावं. दादाला बरं वाटेल. तुमचा धाकटा भाऊ, हातात जोर भरपूर, विचारायची सवय नाही. पावसाने उघडीप दिली तशी त्यांनी दोन्ही पिंपं ओतली, दोन्ही खसाखसा घासली, दोन्हींना आतून-बाहेरून चुना फासला आणि पुन्हा पागोळ्यांखाली भरायला लावली. तुमच्या पिंपाच्या गळ्यात तुम्ही खुणेला सुंभ बांधलेला असायचा. तोही गेला.

तुमचे दिवस झाले, श्रावण लागला, नारळी पौर्णिमा जवळ आली आणि पांडू बाकीच्या खलाशांना घेऊन दारात आला. गलबत झावळ्यांच्या शाकारातून मोकळं झालं होतं, तेल पिऊन तयार होतं. पिंपं चढवायची तेवढी राहिली होती. पांडूने विचारलं, "वयनी, ह्यातला पाण्याचां खंयचां?"

मी भावोजींकडे पाहिलं. भावोजींनी पिंपांकडे पाहिलं.

"सुंभ कुसलेलो," भावोजी म्हणाले. "म्हणान काडून टाकलंय. दादा उठलो काय नवो बांधात, असा वाटला."

त्यांचा आवाज असा झाला की त्यांना बोलायचं जे तोंडाशी आलं होतं ते मी गिळलं. मग मी पदर खोचला आणि ओतून ठेवलेल्या दोन्ही पिंपांत डोकं घालून वास घेतला. आधी एकात, मग दुसऱ्यात, मग परत पहिल्यात. सगळं अंगण माझ्याकडे बघतंय. अहो, काही फरक नाही. मी जन्मभर ज्याच्या नावाने नाक धरलं, ते कुठलं हे माझ्या नाकाला कळेना. तुम्ही धुतलंतच तसं इतकी वर्षं. त्या पिंपात तोंड घालून मला पहिल्यांदा हुंदका आला. तेराव्यालाही आला नव्हता.

पांडू भला माणूस. चपला हातात धरून म्हणाला, "वयनी, तुमच्या घरचा आमी खाल्लाव. तुमका नाय म्हणूक जीभ उठणा नाय. पण ह्या पिंपातला पाणी आमच्या घशाखाली उतरूचा नाय. आमी दुसऱ्या गलबतार जातंव."

खलाशी गेले तर गलबत वाळूवरच राहणार. गलबत राहिलं तर घर राहणार कसं? नवं पिंप आणावं, तर ते आणून, मुरवून, लाकडाचा वास जाईपर्यंत निम्मा हंगाम सरतो. भावोजी वैतागून म्हणाले, "दोनय फोडून चुलीत घालूया. पाण्याचा कायतरी बघूया, पण दुसऱ्याची कटकटच नको. तेवढ्या जागेत नारळ मावतले." खलाशांच्या माना डुलल्या. त्यांना तेच हवं होतं. दुसरं पिंप सोडून द्या, आम्ही मडक्यांतून पाणी नेऊ, असा सौदा त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होता.

तुमचं पिंप की तुमचं गलबत, असं समोर आलं. माझं डोकं तापलं. तुमच्यावरही तापलं, खरं सांगते. माणूस जातो तो जातो आणि असले प्रश्न अंगणात उभे करून जातो.

मी म्हटलं, "दोनय घाणीची."

"काय?" भावोजी म्हणाले.

"जेचो संशय इलो तेतला पाणी पिवचा नाय, बरोबर? मगे दोनय घाणीची. संपलो संशय. एक गलबतार चढताला, दुसऱ्याचा मी बघतंय."

"आणि धुवतलो कोण ता?" भावोजी उसळले. "दादा होतो तवसर ठीक."

"तुमी धुवलास की."

"मी खंय?"

"ह्या नायतर त्या. दोनय घासलास म्हणजे तेतला एक ताच होता. चांगला हात घालून घासलास. झडले काय हात?"

भावोजींनी आपले हात पाहिले. आधी पांडू हसला, मग बाकीचे, मग भावोजीच भिंतीला टेकून हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. तुमच्यामागे या घरात ते पहिलं हसू. पण हसून पोट भरत नाही आणि पाण्याचं पिंप तर आता एकही उरलं नव्हतं. पांडू म्हणाला, "परवा उधाण आसा. तवसर बघा वयनी. आमी थांबतंव."

ही बातमी वाडीत पसरायला कितीसा वेळ लागणार? संध्याकाळी सुंदरा आली. मला वाटलं, आता ही दारात उभी राहून काय बोलते कुणास ठाऊक. तिच्या मागून जयराम तांडेल एक पिंप वाळूतून लोटत लोटत आणत होता, घामाघूम. त्यांनी गेल्या हंगामात मुंबईहून लोखंडी टाकी आणली, त्यामुळे त्यांचं पाण्याचं लाकडी पिंप पडून होतं.

"ह्या घे," सुंदरा म्हणाली. "आमच्या विहिरीच्या पाण्याचां. संशय नाय. आणि तुजा एक माका दी."

"खंयचां?"

"आता खंयचां म्हणतंस? तू सांगलंस ना, दोनय तीच." मग आवाज उतरवून म्हणाली, "सुनेक मुंबयक धाडूची आसा, झिलाकडे. आमच्याच गलबतातसून. पयल्यांदा चलली दर्यातसून. ह्यांका मी सांगलंय, पिंप बसवल्याशिवाय माजी सून गलबतार चढाची नाय."

जयराम तांडेल दुसरीकडे बघत होता. त्या घरात कुणाचा आवाज चालतो ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मी म्हटलं, "इतकी वर्सां बाजारात माका हसलंस, ती कित्या?"

सुंदरा खाली बसली. पदराने मान पुसली. म्हणाली, "मीय गेल्लंय गो एकदा, लग्न झाल्यार. जीभ टाळूक चिकटलेली. घराक येवन चार दिस ताप. तुज्या घोवान पिंप बसवल्यान तेवा वाडीतल्या सगळ्या बायलांका कळला ता कोणासाठी. माज्या घोवाक सुचूक नाय. म्हणान हसलंय."

अहो, सगळ्यांना माहीत होतं. तुमची साहेबाची गोष्ट कुणीही खरी मानली नव्हती. तुम्ही आणि मी, दोघंच काय ते गुपित राखत बसलो होतो. मी सुंदराजवळ टेकले ती उठलेच नाही. जयराम उभ्या उभ्या कंटाळला आणि शंभूभावोजींना विचारायला लागला, चुना किती घालायचा, राख कुठली, आडोशाला गोणपाट बरं की शीड फाटलेलं बरं. भावोजींनी असं समजावून सांगितलं की जणू ते बारा वर्षं हेच करतायत. तुम्ही ऐकायला हवं होतंत. सगळा तुमचा तोरा.

आज उधाणाची भरती होती. दोन्ही गलबतं एका मागोमाग पाण्यात उतरली. दर्याला नारळ दिला. मी येणार नव्हते. आता असल्या वेळी पुढे जायचं नसतं, हे मला कुणी सांगायला नको. मी उंडीच्या झाडाखाली लांबच उभी राहिले. आपल्या गलबतावर सुकाणू शंभूभावोजींच्या हातात होतं. त्यांची पाठ लांबून अगदी तुमच्यासारखी दिसते, त्याचा आज त्रास झाला नाही, आधार वाटला. मागे गोणपाटाचा आडोसा नवा कोरा. जयरामच्या गलबतावर शिडाचा. खाडीत आता दोन झाली. तिसऱ्या गलबताचा तांडेल कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होता, आणि त्याची बायको त्याच्याकडे.

सुंदराची सून होडीत चढायची होती. सतरा-अठराची पोर, कोरी साडी, हातभर बांगड्या. सुंदराने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. पोरीने मान हलवली, नको. पुन्हा धरला, पुन्हा नको. ओठांवरून जीभ फिरवली आणि गलबताकडे बघितलं. सुंदरा वळून माझ्याकडे बघायला लागली. मी जागची हलले नाही, तर ती वाळूतून तरातरा आली आणि माझा दंड धरून मला ओढत घेऊन गेली. "ह्या तूच सांग," म्हणाली. चार बायकांनी बाजूला होऊन मला वाट दिली.

मी त्या पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि आडोशामागे काय आहे, फळी कशी सरकवायची, आडोशाची दोरी कुठली ओढायची, ते सगळं सांगितलं. आणि कुणासाठी पहिल्यांदा बसवलं तेही सांगितलं, तुमचं नाव घेऊन. हो, नाव घेतलं. उभ्या संसारात घेतलं नव्हतं.

पोर लाजली, मग हसली. तांब्या वर धरून घटाघटा प्यायली, गळ्यावरून पाणी ओघळलं तरी थांबली नाही. रिकामा तांब्या सासूकडे दिला आणि म्हणाली, "आणखी आसा?"

सुंदरा पाणी आणायला धावली, अहो.